हातानं फिरवलेलं इंजिन

गोव्यात सुर्ल्याच्या चढणीवर कृष्णनाथ मेस्त्रीचं गॅरेज आहे. पत्र्याखाली दोन ट्रक मावतील एवढंच. दोडामार्गच्या पलीकडून तो मिसरूड फुटायच्या वयात इथे आला, तेव्हा खाणी भरात होत्या आणि रस्ताभर लाल धूळ उडायची. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक माडाखाली गंजले, बरोबरचे मेकॅनिक गावी परतले. कृष्णनाथ स्कूटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिला. पण पंप असो की टिपर, त्याची एक खोड सुटली नाही. एक भाग बसवला की इंजिन हातानं फिरवून बघायचं आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. पोरं त्याला ‘चाचपो मेस्त्री’ म्हणून चिडवत. तो हसायचा आणि फिरवायचा.

त्याच्या बायकोला, गौरवीला, या खोडीचा राग यायचा. जेवण निवून जायचं.

गेल्या वर्षी गावातल्या बाबलीशेटच्या ट्रकाचं इंजिन भरल्या मालासकट उतारावर जाम झालं. स्टेअरिंगवर निहार होता, कृष्णनाथ-गौरवीचा एकुलता एक मुलगा. त्यानं गाडी कशीबशी दरडीला घासून थांबवली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून ट्रकाचा हॉर्न ऐकला की गौरवीच्या हातातलं काम थांबे.

आता बाबलीशेटनं त्याच ट्रकाला जादा ताकदीचं इंजिन करायला काढलं. मोठा टर्बो, दणकट पिस्टन, नवी बेअरिंगं, म्हणजे अर्धगोल पातळ पट्ट्या. सामान आलं त्या दिवशी गॅरेजात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, म्हणून कृष्णनाथनं बेअरिंगांचा डबा आपल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून घरी आणला. गौरवीनं तो देवापुढे ठेवला, उघडला, फडकं पसरून त्यावर बेअरिंगं मांडली, हळदकुंकू लावलं, हळद-तुपात कालवलेल्या अक्षता वाहिल्या. मग सगळं पुसून, होतं तसं गुंडाळून ठेवलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेजेचा डबा घेऊन गेली. इंजिन उलटं ठेवलं होतं, त्यात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो जाड आस, बसत होता. कृष्णनाथ त्याच फडक्यानं बेअरिंगची जागा पुसायचा, बेअरिंग ठेवायचा, वरची टोपी आवळायचा, की दांडा लावून फिरवायचा. क्रँक लोण्यासारखा फिरे. मधली टोपी आवळली आणि दांडा अडला.

“फिरना नाय,” तो म्हणाला.

खुर्चीवर बसलेला बाबलीशेट वैतागला. “मेस्त्री, तशेंच आवळ मरे! एवडें बळिश्ट इंजिन तें, एकदां सुरू जालें की आपशींच सुटतलें.”

“सुटतला. खंय सुटतला ता माका ठावक नाय.”

“फाल्यां माल भरपाचो आसा!” शेटला ट्रक उद्याच हवा होता.

“शेट, स्टेअरिंगार माझो झील बसतलो. माका घाई नाय.”

त्यानं सगळ्या टोप्या सोडल्या, क्रँक उचलून घेतला आणि मधल्या बेअरिंगचा तुकडा काढला. त्याच्या पाठीला काहीतरी पिवळं चिकटलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ते नखानं खरवडलं. तांदळाची चेपलेली कणी. बेअरिंगला त्या जागी बारीकसा फुगवटा आला होता.

गौरवी वाकून बघायला पुढे आली. कणी तिनं लगेच ओळखली. ज्या पोरासाठी अक्षता वाहिल्या, त्याच पोराच्या इंजिनात ती जाऊन बसली होती.

“कोणें घातलें हें?” बाबलीशेट उठून आला.

“फडक्यात होती. फडका माझा,” कृष्णनाथ म्हणाला. गौरवीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“मी पूजा केली होती,” गौरवी म्हणाली. तिनं पेजेचा डबा खाली ठेवला. “अहो, मीच.”

शेट खो खो हसला. “वयनी, देवाक तांदूळ, आनी आमचें इंजिन बंद!”

कृष्णनाथही हसला. “अगो, पूजा भायरसून करूची. भुतूरचा माका बघूंदे.”

म्हापशाहून नवा तुकडा येईपर्यंत माल भरायचा दिवस टळला. कृष्णनाथनं सगळ्या जागा परत धुतल्या, या वेळी नव्या फडक्यानं पुसल्या. मधली टोपी आवळली आणि दांडा गौरवीच्या हातात दिला.

“फिरव.”

तिनं दोन्ही हातांनी धरला. जोर लावावा लागेल म्हणून अंग ताठ केलं, पण क्रँक तिच्या हाताबरोबर सहज वळत गेला. तिनं पुन्हा फिरवला. मग आणखी एकदा. निवलेली जेवणं तिला आठवली आणि डोळे भरून आले.

“पुरे गो, झिजतलो!” कृष्णनाथ म्हणाला.

ट्रक सुरू झाला त्या सकाळी ती पूजेचं ताट घेऊन आली, पण बॉनेटपाशी घुटमळली. “अक्षता कुठे टाकू?”

कृष्णनाथनं केबिनकडे बोट केलं. “चालवणाऱ्याच्या डोक्यार टाक.”

निहार लाजत खाली उतरला आणि आईपुढे वाकला.