लीग थांबली आणि उत्तरेश्वरच्या शर्यतीला सोफे आले

उत्तरेश्वर ढवळेला क्रिकेट आवडत नाही, हे हडपसरच्या गाडीतळापासून कालव्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो ते न विचारता सांगायचा. स्कूटरचा प्लग साफ करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "काल किती झाले हो?" की उत्तरेश्वर हातातला ब्रश खाली ठेवून त्याच्याकडे असं बघायचा, जणू त्या माणसाने गॅरेजमध्ये येऊन अर्धा किलो भेंडी मागितली आहे.

"अकरा जण उन्हात उभे. त्यातला एक पळतो, बाकीचे पँट सावरतात," तो म्हणायचा. "याला खेळ म्हणायचा? आमच्या बार्शीच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारी माणसं यापेक्षा जास्त हालतात."

त्याचा खेळ निराळा होता. दर मे महिन्यात एका रविवारी, हडपसरच्या पुढे कालव्याच्या कडेला, दत्तोबा तुप्यांच्या मोकळ्या रानात तो चिखलातली स्कूटर शर्यत भरवायचा. डिकी, आरसे, मडगार्ड आणि लाज असं सगळं उतरवून ठेवलेल्या जुन्या गियरच्या स्कूटरी, त्यांना चिखलात पकड घेणारे बटन टायर, आणि सायलेन्सरच्या जागी असं काही नळकांडं की पहिल्या किकला शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायची. उत्तरेश्वर स्वतः ऐन उमेदीत या शर्यतीत उतरला होता आणि एके वर्षी तिसरा आला होता. त्या वर्षी एकूण किती जण उतरले होते ते तो सांगत नसे. विचारणारंही कुणी नव्हतं.

कारण बघायला येतंच कोण? स्कूटर चालवणाऱ्यांचे भाऊ, मेहुणे, एखादी काळजीत पडलेली आई. आणि कोपऱ्यावरची मंडळी. ती मात्र खरी बघणारी. या कोपऱ्यावर ट्रॅकचं सगळ्यात अवघड वळण होतं, तिथे टँकरच्या पाण्याने घोट्याएवढा रबडा व्हायचा, आणि स्कूटर वळताना मागच्या चाकाने चिखलाचा फवारा उडायचा. तिथे ही पाच-सात म्हातारी-अर्धम्हातारी माणसं धुतलेला, इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून उभी राहायची. मुद्दाम. फायनलची शेवटची फेरी जवळ आली की उत्तरेश्वर मंडळींना ओळीने उभं करून बघायचा, आणि ज्याचा शर्ट सगळ्यात जास्त माखला असेल त्याच्या हातात त्या फेरीचा झेंडा द्यायचा. कारखान्यातून निवृत्त झालेले कचरू गायकवाड हा मान बऱ्याच वर्षांपासून कुणाला मिळू देत नव्हते. बाकीचे म्हणायचे, ते पुढे वाकून उभे राहतात. कचरूभाऊ म्हणायचे, "वाकायला बंदी आहे का? पाटी लावा तशी."

यंदा मात्र दत्तोबाने होळीलाच सांगून टाकलं होतं. दत्तोबाचं अर्धं रान विकून झालं होतं आणि त्याचं वजन गळ्यातल्या सोनसाखळीत दिसत होतं. "उत्तरेश्वर, तुझी शर्यत म्हणजे माझ्या रानाला पडलेली खरूज हाय. यंदा माणसं दिसली तर जागा ठेवतो. नाय दिसली तर दिवाळीला इथं लॉन. लग्नं लावू, मोकळं होऊ."

पुण्याच्या आसपास दुसरी जागा मिळणं म्हणजे काय, हे उत्तरेश्वरला कळत होतं. जिथे स्कूटर उडेल एवढी माती शिल्लक होती, तिथे आता बिल्डरच्या पाट्या उडत होत्या. म्हणजे हे रान गेलं की शर्यत गेली. मग उत्तरेश्वर ढवळे म्हणजे प्लग साफ करणारा माणूस, बस्स.

आणि मग शर्यतीच्या रविवारच्या अलीकडच्या शुक्रवारी क्रिकेटची लीगच थांबली. सीमेवर तणाव वाढला होता, सामने तूर्त बंद. देशावर काय प्रसंग आहे याची चिंता गाडीतळावर चहाच्या पहिल्या घोटापर्यंत टिकली. दुसऱ्या घोटाला लोक एकमेकांना विचारू लागले, की आता संध्याकाळी करायचं काय. घरात बायको-पोरं आहेत, त्यांच्याशी बोलावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अभिनव त्याच दुपारी गॅरेजमध्ये आला. अभिनव वर्ध्याचा, इथल्या आयटी पार्कात आकड्यांचं काहीतरी करायचा. काय करायचा हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. त्याची मोटरसायकल उत्तरेश्वरकडे असायची आणि ती नसेल तेव्हा अभिनव असायचा.

"काका, हा व्हॅक्यूम आहे," तो म्हणाला. "लोकांची संध्याकाळ रिकामी झाली आहे. ती कुणीतरी भरणारच. मग आपण का नाही? अटेंशन शिफ्ट होतं काका, डेटा क्लिअर आहे."

"कुठला डेटा?"

"म्हणजे जनरली."

एरवी उत्तरेश्वरने त्याला पान्याने मारलं असतं. पण आयुष्यभर जे क्रिकेटने पळवलं असं त्याला वाटत होतं, ते परत मिळण्याची गोष्ट हा मुलगा करत होता. उत्तरेश्वरने त्याला स्टूल पुढे केलं आणि वर चहा सांगितला. गॅरेजमध्ये इतका मान आजवर कुणा कार्बोरेटरलाही मिळाला नव्हता.

रात्री जेवताना त्याने ही अटेंशनची गोष्ट बायकोला, वेणूबाईला, समजावून सांगितली. वेणूबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या.

"अहो, हॉटेल बंद दिसलं म्हणून कुणी शेजारच्या दवाखान्यात जेवायला बसतं का?"

"तुला खेळातलं काही कळत नाही."

"नाही ना. म्हणून तर तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली," वेणूबाई म्हणाल्या आणि आमटीचं भांडं पुढे सरकवलं.

शनिवारी अभिनवने रील टाकलं. 'क्रिकेट बंद? पुणे चालू.' खाली कुठल्या तरी परदेशी मोटरसायकलवाल्याची उडी. मांडववाल्याकडून लग्नातले लाल सोफे आले, कूलर आले, कोल्ड्रिंकचा स्टॉल आला. सोफे ठेवायचे कुठे, तर जिथून सगळ्यात चांगलं दिसतं तिथे. म्हणजे कोपऱ्यावर.

"आणि काका, तो चिखल नको," अभिनव म्हणाला. "फॅमिली क्राउड आहे. कपडे खराब झाले की संपलं. लोक रिव्ह्यू टाकतात."

दरवर्षी टँकरच्या तीन खेपा लागत. उत्तरेश्वरने टँकरवाल्याला फोन करून सांगितलं, एकच खेप आण, आणि तीसुद्धा नुसती शिंपड. "मे महिन्यात? एकच?" टँकरवाल्याने विचारलं. उत्तरेश्वर हो म्हणाला. त्याने परत विचारलं, तेव्हा उत्तरेश्वर त्याच्यावर खेकसला. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच आपलं चुकतंय हे त्याला कळलं होतं म्हणून.

रविवारी चार वाजता माणसं आली. खरोखर आली. कार आल्या, बायका गॉगल लावून आल्या, पोरं आवडत्या क्रिकेट टीमची जर्सी घालून आली. लग्नात यजमानाला ओळखत नसलेले पाहुणे जसे आधी पंख्याखालची जागा धरतात, तसे सगळे सोफ्यांवर पसरले. दत्तोबा बांधावर उभा राहून गर्दी बघत होता आणि उत्तरेश्वर दत्तोबाकडे बघत होता. इतका आनंद त्याला तिसरा आला तेव्हाही झाला नव्हता.

कोपऱ्यावर दोरी बांधलेली होती. दोरीपाशी कचरूभाऊ आणि मंडळी पांढऱ्या शर्टात येऊन उभी राहिली.

"कचरूभाऊ, यंदा जरा मागे उभे राहा," उत्तरेश्वर म्हणाला. "पाहुणे आहेत."

कचरूभाऊंनी सोफ्यांकडे पाहिलं, मग कोरड्या ट्रॅककडे. "आपण म्हणाल तसं, उत्तरेश्वरराव. नवरा-नवरी कुठं आहेत?"

"असं काय बोलता?"

"नाही, आहेर आणला नाही म्हणून विचारलं."

आणि ते मागे, कूलरच्या गरम बाजूला जाऊन उभे राहिले.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीपर्यंत ती दिसली. दुसऱ्या फेरीला बटन टायरांनी ट्रॅकवरचा कोरडा फुफाटा असा उधळला, की स्कूटरी ढगात शिरल्या त्या परत बाहेर आल्या की नाही हे आवाजावरून ठरवायची वेळ आली. धूळ वाऱ्याने सरळ सोफ्यांवर आली. कूलरने ती आत ओढून, थंड करून, परत तोंडावर मारली. बायकांनी ओढण्या नाकाला लावल्या. एका गृहस्थाने कोल्ड्रिंकच्या ग्लासावर रुमाल धरला आणि रुमालाआडून विचारलं, "यात पुढे कोण आहे?" कुणाला माहीत नव्हतं. माइकवरच्या उत्तरेश्वरलासुद्धा.

अभिनवने त्याला चिठ्ठी दिली होती, की लोकांना समजेल अशा भाषेत बोला. म्हणून उंचवट्यावरून एक स्कूटर हवेत गेली, ती अंदाजाने ओळखून, उत्तरेश्वर ढवळे, ज्याने हयातीत एकदाही धावसंख्या विचारली नव्हती, तो माइकवर म्हणाला, "आणि हा षटकार."

मागून कचरूभाऊंचं हसणं आलं. धुळीतूनही ते नेमकं त्याच्यापर्यंत पोचलं.

फायनलची पोरं निवडणाऱ्या तिसऱ्या हीटच्या आधी सोफ्यांवर कुजबुज सुरू झाली. कुणाच्या तरी मोबाईलवर बातमी आली होती, की लीग लवकरच परत सुरू होणार. तारीख नव्हती, ठिकाण नव्हतं, सामने तर त्या दिवशी नव्हतेच. पण नुसत्या बातमीने माणसं अशी उठली, जणू घरी नळाला पाणी आलंय. ज्यांची संध्याकाळ अजूनही तेवढीच रिकामी होती, तेही उठले, कारण आता त्यांच्याकडे वाट बघण्यासारखं काहीतरी होतं. ट्रॅकवर एक पोरगा स्कूटरखालून पाय सोडवत होता. त्याच्याकडे पाठ करून दोघांनी लाल सोफ्यावर बसून फोटो काढला आणि मग गेले.

"काका, रीच चांगला मिळाला," अभिनव म्हणाला. त्याच्या भुवयांवर माती बसली होती. "रिटेन्शनवर काम करू." मोबाईल कानाला लावून तोही गाड्यांच्या दिशेने गेला. लीगची फ्री तिकिटं कुणाकडे तरी होती म्हणे.

दत्तोबा बांधावरून खाली आला. उत्तरेश्वर माइक हातात घेऊन उभा होता.

"दत्तोबा, माणसं तर आली होती. तुम्ही बघितली."

"बघितली की." दत्तोबाने सोफ्यावरची धूळ झटकली, बसला आणि हात दोन्ही बाजूंना पसरले. "तासभर बघत होतो. एकानं ट्रॅककडं मान वळवली नाय. पण सोफा कुणी सोडंना. कूलरसाठी दोघं भांडली. मला शंका होती उत्तरेश्वर, इतक्या लांब लग्नाला माणसं येतील का म्हणून. तू ती घालवली." त्याने सोफ्याचा हात थोपटला. "येत्यात. बसायला, प्यायला, फोटो काढायला येत्यात. दिवाळीचं नक्की."

गेली कित्येक वर्षं गर्दी हवी, गर्दी हवी असं उत्तरेश्वरच म्हणत होता. गर्दी आली होती आणि तिने मत दिलं होतं.

फायनल राहिली होती. स्कूटरवाली पोरं ट्रॅकच्या कडेला बसून डोळे धूत होती. उत्तरेश्वरने टँकरवाल्याला फोन लावला.

"दोन खेपा आण."

"आता? माणसं तर निघाली. रस्त्यात भेटतायत मला."

"म्हणूनच आण."

टँकर येईपर्यंत त्याने कोपऱ्यावरची दोरी सोडली. सोफे एकट्याने ओढून बाजूला करायला लागला, तेव्हा पांढऱ्या शर्टातली दोघं-तिघं हात लावायला आली. कचरूभाऊ आले नाहीत. ते आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि शर्टाची कॉलर नीट करू लागले.

पाणी पडलं. माती काळी झाली, मऊ झाली, वळणावर साचली. स्कूटरींना किका बसल्या, गोठ्यातली म्हैस ओरडली. पहिल्याच फेरीला वळणावर चिखलाचा असा पट्टा उडाला, की आपला सोफा न सोडता तिथेच बसून राहिलेल्या दत्तोबाच्या सोनसाखळीसकट सगळं एका रंगाचं झालं. तो उठून शिव्या देत नळ शोधत गेला. पुढे कोण आहे ते आता सगळ्यांना दिसत होतं. उत्तरेश्वरने माइक बंद केला. सांगायला कुणी नव्हतं. जे होते त्यांना सांगायची गरज नव्हती.

शेवटची फेरी जवळ आली तेव्हा तो झेंडा घेऊन कोपऱ्यावर गेला. दरवर्षीसारखं त्याने शर्ट बघितले. कचरूभाऊंचा शर्ट होता असं आता म्हणता येत नव्हतं.

"घ्या," उत्तरेश्वर म्हणाला. मग थोडं थांबून, "शेवटचा आहे."

कचरूभाऊंनी झेंडा घेतला. तोंडावरचा चिखल मनगटाने पुसला, तो आणखी पसरला.

"दिवाळीनंतर येतो की आम्ही सगळे," ते म्हणाले. "पांढरा शर्ट लग्नाला चालतो. तुम्ही फक्त सोफा राखून ठेवा. मागे उभं राहायचा कंटाळा येतो."

वळणावर आवाज आला, कचरूभाऊ पुढे वाकले, आणि उत्तरेश्वर त्यांच्या शेजारी, स्वतःच्या इस्त्रीच्या नव्या शर्टासकट, न सरकता उभा राहिला.