रामधन घरी गेलता

हंसाबाईला कोर्टात बोलावणं आलं तेव्हा महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. फुलसावंगीच्या पल्याड एका बंजारा तांड्यावर ती राहायची. नवरा किसनसिंग, बैलजोडी, थोडी कोरडवाहू जमीन. तांड्यात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि दोन्हीकडे तिचा आवाज मोठा. पाण्यावरून भांडण झालं की मधे पडून निकाल लावायला हंसाबाईच लागायची. बोलताना ती कधी अडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. गावातले शेतकरी बबनराव यांची कडब्याची गंजी चैत्रातल्या एका दुपारी जळाली. त्याच्या थोडंच आधी रामधनचा बैल त्यांच्या कांद्यात शिरला होता आणि भर बाजारात दोघांची शिवीगाळ झाली होती. रामधन हा हंसाबाईच्याच तांड्यातला. पोलिसांनी त्यालाच धरलं. गंजी पेटली त्या सुमारास त्याला पाहणारी हंसाबाई एकटीच होती. गंजीपासून हाकेच्या अंतरावर, नाल्याकाठच्या मोहाखाली वाळत घातलेली फुलं ती गोळा करत होती, तेव्हा तो तिच्याकडे पाणी प्यायला आला होता.

तालुक्याच्या कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. तिनं एका दमात सांगितलं, "रामधन आलता. पाणी पेला. धूर दिसला तवा तो घरी गेलता."

तिच्या लेखी साक्ष संपली होती. ती खाली उतरायला निघाली तर चपराशानं हात आडवा केला. मॅजिस्ट्रेट साहेब तिचं बोलणं इंग्रजीत करून टायपिस्टला सांगत होते. तेवढ्यात रामधनचे वकील वामनराव ताडकन उठले. मग सरकारी वकील उठले. सगळं इंग्रजीत. हंसाबाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली.

"मी काही वंगाळ बोलली का?" तिनं चपराशाला विचारलं. तो म्हणाला, "चूप राह्य बाई."

साहेब तिच्याकडे वळले. "बाई, धूर दिसल्यावर रामधन गेला, की आधीच गेला होता?"

"गेलता ना साहेब."

"कधी?"

"तवाच."

सरकारी वकील हसून खाली बसले. वामनरावांनी कपाळाला हात लावला.

"तेव्हाच म्हणजे धूर दिसला तेव्हा?"

"नाई. त्याच्या आंधी."

"बराच आधी?"

"नाई जी. आत्ताच गेलता."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आधीच, तेव्हाच, आत्ताच, तिन्ही एकाच तोंडून आली होती. हंसाबाईला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. माणूस गेलता म्हणजे गेलता.

मग सरकारी वकिलांनी विचारलं, "त्याच्या आधी तू रामधनला पाहिलं होतंस?"

"कधीच नाई."

"कधीच नाही? तुझ्याच तांड्यातला माणूस!"

"तसं रोजच पायते," ती म्हणाली, आणि मागच्या बाकावरची माणसं हसली. तिला म्हणायचं होतं की त्या दिवशी पाणी प्यायला येण्याआधी तो तिला दिसला नव्हता. पण हसण्यात ते सांगायचं राहून गेलं. साहेबांनी जेवणाची सुट्टी केली.

बाहेर कडुनिंबाखाली वामनराव तिच्याजवळ आले. माणूस रागावलेला नव्हता, पण घाईत होता.

"हे पाय हंसाबाई. आपल्यात 'गेला' म्हन का 'गेलता' म्हन, भागून जाते. इंग्रजीत दोघायचे अर्थ वेगळे आहेत. वेंट म्हनलं तर धूर दिसला अन् रामधन निघाला, म्हंजे पळाला. हॅड गॉन म्हनलं तर धूर दिसाच्या आंधीच गेलता. समजलं?"

"समजलं. मंग तेच लिवा ना."

"तेवढ्यानं नाई होत. हॅड अन् गॉनच्या मधात एक शब्द बसते. ऑलरेडी बसला तर आधीच गेलता, गोष्ट संपली. जस्ट बसला तर नुकताच गेलता, दोन पावलं पुढं. अन् नॉट येट बसला तर अजून गेलाच नोता. मधात कोणता शब्द टाकाचा, ते तुले सांगा लागते."

"तुमाले कोणता पायजे?"

वामनराव दचकले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मी नाई सांगू शकत बाई. झालं तेच सांग."

झालं ते काय, हेच आता तिला उमगेना. शेंगदाण्याची पुडी हातात धरून ती बसून राहिली. रामधन पाणी प्याला. रुपीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ताप आहे म्हणाला. मग गेला. मग तिनं टोपलं भरलं. की टोपलं आधीच भरलं होतं? धूर दिसला तेव्हा त्याची पाठ दिसत होती का? सकाळपर्यंत हे सगळं तिच्यापुढं लख्ख होतं. आता दर वेळी पाठ दिसायची आणि पुसली जायची.

दुपारी साहेबांनी तिला सावकाश, पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनं सांगितलं. टोपल्याशी आल्यावर ती थांबली.

"तेव्हा रामधन दिसत होता?"

"अजून... नाई, आंधीच... साहेब, मले नाई सांगता येत. तो तांड्याकडून आलता अन् तांड्याकडेच गेला. येवढं खरं हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग सगळं मराठीत वाचून दाखवलं. ऐकताना तिला वाटलं, ही दुसऱ्याच कुण्या बाईची गोष्ट आहे. तरी तिनं अंगठा दिला.

रामधन सुटला. गंजी त्यानंच पेटवली असं काही सिद्ध झालं नाही. कुणी पेटवली ते पुढंही कळलं नाही. हंसाबाईच्या साक्षीनं तो सुटला की साक्ष असूनही सुटला, यावर तांड्यात दोन मतं होती. घरी किसनसिंग म्हणाला, "बुडवलंच होतं तू त्याले." एरवी उलटून बोलणारी ती चुलीपुढं जाऊन बसली. 

पावसाळा लागायच्या सुमारास रामधन तिच्या दारात आला. खाली बसला. तंबाखू मळू लागला.

हंसाबाईच म्हणाली, "रामधन, आता तूच सांग. धूर निघाला तवा तू घरी पोचलता का नाई?"

त्यानं तंबाखू तशीच तळहातावर ठेवली. "मले वाटते पोचलतो. रुपी म्हनते, अजून पोचलोच नोतो, आरडाओरड झाली तवा मी वाटंतच होतो. वकिलानं मले इतक्यांदा इचारलं का आता मलेच समजत नाई."

"मंग कोर्टात काय सांगतलं?"

"म्या लावली नाई म्हनलं. बाकी वकील बोलला."

हंसाबाई उठली. तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. तिला रडू येतंय की हसू, तेही नीट कळत नव्हतं. रामधन चहा प्याला, रुपीबाईचा ताप केव्हाच उतरला असं म्हणाला, आणि गेला.