नेसवणारी नेसत नाही

बहारीनमधल्या अर्ध्या मराठी बायकांना काकूंनी नऊवारी नेसवली असेल. त्यांना स्वतःला मात्र नऊवारीत कोणीच पाहिलं नव्हतं. सनाबिसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या कायम पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला खोचलेली. कोणी विचारलं की म्हणत, "चिपळूणला माझी आई नवऱ्या नेसवायची. आमच्यात नेसवणारी नेसत नाही. आपला पदर सांभाळायचा की दुसरीचा?"

पिना त्यांना चालत नसत. कमरेला गाठ मारताना सगळ्याजणी पोट आत ओढून घेतात, तसं पहिल्यांदा नेसताना मीही घेतलं. त्यांनी पोटावर टिचकी मारली. "पोट सोड गो. दम धरून किती वेळ नाचशील?" मग मला मांडी घालून बसवलं, उठवलं आणि कासोटा ओढून पाहिला.

गेल्या गणपतीत लेझीमच्या पहिल्या रांगेत मी होते. पुण्याहून नव्याने आलेल्या, कार्यक्रमाची जबाबदारी घेतलेल्या मॅडम पिनांची डबी घेऊन मेकअप रूममध्ये आल्या.

"काकू, रिस्क नको. मी याचा रीतसर कोर्स केलाय."

"चांगलंच आहे. पण माझ्या गाठीला पिन लागत नाही."

"तुम्ही स्वतः एकदा तरी नेसलाय? हिचं स्टेजवर सुटलं तर?"

सुटलं असतं तर काकूंकडे पुन्हा कोणी गेलं नसतं, हे खोलीतल्या प्रत्येकीला कळत होतं. त्यांचे हात माझ्या कमरेवरच थांबले. मॅडमनी डबी माझ्यापुढे धरली. "तूच सांग."

मी घरीसुद्धा इंग्रजीत उत्तरं देणारी. काकूंसमोर तर नुसती मान हलवायची.

"पिना नकोत," मी मराठीत म्हणाले.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "यल्ला, चला!"

स्टेजवर लेझीमच्या पहिल्याच बैठकीला कमरेत सैल वाटलं. घाबरून माझं पोट आत गेलं. विंगेत काकू उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि हळूच पुढे नेला. मी श्वास सोडला. गाठ जागेवर बसली आणि शेवटच्या गिरकीपर्यंत हलली नाही.

"लकी आहेस," मॅडम नंतर एवढंच म्हणाल्या.

या वर्षी काकांची नोकरी संपली, व्हिसाही. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. बांधलेल्या बॅगांशेजारी पलंगावर त्यांच्या आईचं हिरवं लुगडं होतं.

"नेसव मला."

"पण काकू, तुमच्यात नेसवणारी..."

"म्हणूनच तर. आता ती तू."

मी गाठ मारायला वाकले. काकूंनी पोट आत ओढून घेतलं होतं.

"पोट सोडा, काकू," मी म्हणाले.