शेंदराखालचं मडकं

जुन्नरच्या बाजूला एका वायनरीत, वाइन चाखायला देतात त्या खोलीत, काचेची एक पेटी आहे. पेटीत जुन्या रांजणाचं निमुळतं बूड ठेवलंय आणि खाली पाटी: ‘दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून इथे आलेल्या वाइनची सुरई.’ हे वाक्य मी लिहून दिलेलं आहे. ते खोटं आहे हे मला आता ठाऊक आहे, वायनरीच्या मॅनेजरलाही ठाऊक आहे. पाटी तिथेच आहे.

मी पुण्यात बँकेत कारकून होतो. नव्वदच्या सुमाराला मला लेण्यांचं खूळ लागलं. रविवार उजाडला की शिवाजीनगरहून एसटी पकडायची आणि जुन्नर गाठायचं. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, कधी नाणेघाट. लेण्यांतले लेख मला वाचता येत नव्हते, पण वाचता येतात असा चेहरा करायला मी शिकलो होतो. त्यातले काही लेख यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानाचे आहेत, एवढं कुठूनतरी कळलं होतं. ही परदेशी माणसं घाट चढून इथे आली, राहिली, लेण्यांना पाण्याची टाकी देऊन गेली. मग त्यांनी वाइनही आणली असणार, आणि तिच्या सुरयांची खापरं इथेच कुठेतरी पडली असणार! झालं, माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. शेताशेतांतून मी मान खाली घालून हिंडायचो. लोक विचारायचे, "काय हरावलं का वो?"

असाच हिंडताना एका द्राक्षबागेत पाणी मागायला गेलो आणि त्या घरचाच झालो. नवरा-बायको दोघंच. मुली लग्न होऊन गेलेल्या. बाईंना भाऊ नव्हता. दुसऱ्याच वर्षी भाऊबीजेला त्यांनी मला पाटावर बसवून ओवाळलं, तेव्हापासून त्या माझ्या आक्का आणि त्यांचे यजमान माझे दाजी. दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारू तर सोडाच, दारू प्यायलेल्या माणसाशेजारी ते एसटीतसुद्धा बसायचे नाहीत, उभं राहून घोडेगावपर्यंत जायचे. पुण्यात माझं सख्खं म्हणावं असं कुणी नव्हतं. ते घर मला फार गोड लागलं होतं, हे कबूल करतो.

बागेच्या बांधावर त्यांचा म्हसोबा होता. हातभर उंचीचा, वर निमुळता, पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर थापून थापून गुळगुळीत झालेला. दाजी माळकरी, म्हणून या म्हसोबाला नुसता नारळ. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू व्हायची. आधी आक्का शेंदूर लावायच्या, मग दाजी नारळ फोडायचे, आणि नव्या कात्र्या म्हसोबापुढे मांडून पाया पडल्याशिवाय एकही मजूर वेलीला हात लावायचा नाही. मुलींची जावळं तिथेच काढलेली. गारा पडायला लागल्या की आक्का घरातूनच बांधाकडे हात जोडायच्या. मी ते सगळं कौतुकानं बघायचो. शहरातला माणूस कौतुक फार करतो, त्याला फुकट पडतं.

एका वर्षी छाटणीच्याच दिवशी शेंदराचं कवच तडकलं आणि त्याचा मोठा पोपडा गळून पडला. आक्का घाबरल्या. दाजी म्हणाले, "घाबरू नगं, देवानं खोळ टाकली. आपून ती कुकडीच्या पाण्यात सोडू, दुसरा शेंदूर चढवू." दोघं हात जोडून उभे होते, मागे दहा-बारा मजूर उभे होते. आणि मी, अतिशहाणा, गुडघ्यावर बसून आत डोकावलो.

आत दगड नव्हता. भाजलेली लाल माती होती आणि तिच्यावर चाकाच्या गोल गोल रेघा स्पष्ट दिसत होत्या. उलटं रोवलेलं रांजणाचं बूड! इतकी वर्षं जे शोधत होतो ते माझ्या मानलेल्या बहिणीच्या बांधावर शेंदूर खात बसलं होतं. गप्प बसता आलं असतं. दाजींना बाजूला घेऊन हळू बोलता आलं असतं. पण नाही, मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो दाजी, हा म्हसोबा नाही! हे मडकं आहे, परदेशी दारूचं मडकं!"

मजुरांतला एक जण फिसकन हसला. "लई भारी राव! आपला म्हसोबा पेणारा निघाला!" हशा झाला. दाजीही कसंनुसं हसले. एकट्या आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पोपडे ओटीत गोळा केले. एक अंगठ्याएवढा तुकडा माझ्या पायाशी पडला होता, तो मी गुपचूप उचलून कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत टाकला. नमुना म्हणून! चोरीला आम्ही शिकलेले लोक नमुना म्हणतो.

त्या दिवशी मी माती खाल्ली, पण मला ती पुढची काही वर्षं गोडच लागत होती. बँकेत मधल्या सुट्टीत मी तीच गोष्ट रंगवून सांगायचो. इकडे गावानं दाजींना जगू दिलं नाही. आळेफाट्यावर चहाला थांबले की कुणीतरी म्हणायचं, "काय, आज देवाला क्वार्टर दावली का न्हाई?" थट्टाच ती, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण रोजची थट्टा कुणाला सोसते? एकदा भजनाला बसताना शेजारचा म्हणाला, "टाळ पुसून घ्या रं, ह्येंच्या घरचा देव दारूचा हाय." दाजी टाळ खाली ठेवून घरी आले. मी त्या रविवारी तिथेच होतो. ओसरीवर बसून ते म्हणाले, "गळ्यात माळ आन बांधावर दारूचं भांडं. दोनीतलं एक काढाया पायजे."

मी म्हणू शकलो असतो, दाजी, मला नक्की माहीत नाही, मी कुणा जाणकाराला दाखवलेलं नाही. खरं तेच होतं. पण इतक्या वर्षांच्या फुशारकीनंतर तोंडातून ते निघेना. उलट मी म्हणालो, "मी सोय करतो." नुकतीच तिकडे एक वायनरी सुरू झाली होती. मीच तिथल्या मॅनेजरला घेऊन आलो. दाजींनी पहार घालून स्वतःच्या हातानं म्हसोबा उपटला, पोत्यात गुंडाळला आणि गाडीत ठेवला. पैशाची गोष्ट त्यांनी काढूच दिली नाही. आक्का घराबाहेर आल्या नाहीत. वायनरीतल्यांनी शेंदूर ब्रशनं घासून काढला आणि मी, मोठ्या ऐटीत, पाटीचा मजकूर लिहून दिला.

त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो तेव्हा पाट मांडलेला नव्हता. आक्का म्हणाल्या, "आवंदा जमलं न्हाई." पुढच्याही वर्षी जमलं नाही. मग मी जायचंच सोडलं. वर पुन्हा मलाच राग, की अडाणी आहेत, खऱ्याची किंमत नाही!

खरं काय ते चार-पाच वर्षांनी कळलं. एका निवृत्त बाईंशी ओळख झाली, सगळी हयात उत्खननात घालवलेल्या. मी त्यांना मिरवत वायनरीत घेऊन गेलो. त्यांनी पेटी उघडायला लावली, चष्मा कपाळावर चढवला, बुडावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "हे परदेशी आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी लेण्यांतल्या यवनांचं सांगायला लागलो, पण त्यांनी मला थांबवलं.

"ही इथलीच माती. इथल्याच कुंभाराचा रांजण आहे हा, जमिनीत पुरून ठेवायचे तसला. पाणी म्हणा, धान्य म्हणा. दारूचा म्हणायला काय आधार आहे?" काहीच नव्हता. मॅनेजरला मी हात जोडून म्हणालो, पाटी काढा, बूड परत द्या. तो हसून म्हणाला, "सर, लोकांना आवडतं ते. फोटो काढतात. आणि शेतमालकांनी स्वखुशीनं दिलंय की."

पुढच्या रविवारी मी तडक दाजींकडे गेलो. छाटणी चालू होती. बांधावर जिथे म्हसोबा होता तिथे आता ठिबकचा व्हॉल्व्ह होता. नारळाची करवंटी कुठे दिसली नाही. दाजी खूप वाळले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दारूचं नव्हतं दाजी, माझं चुकलं, पाण्याचा रांजण होता तो.

दाजींनी कात्री थांबवली नाही. दोन काड्या कापल्या, मग म्हणाले, "मंग त्या दिशी तुमाला कशावरनं कळलं व्हतं?"

"कळलं नव्हतं. वाटलं होतं."

"आमालाबी देव वाटलाच व्हता की. तुमचं वाटणं खरं आन आमचं खोटं, आसं का धरलं आमी, त्येच कळंना." ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. हे ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि पुढच्या वेलीकडे गेले.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी खिशातून रोलची डबी काढली. एवढं एकच माझ्या हातात होतं परत द्यायला. झाकण उघडून शेंदराचा तुकडा त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "आक्का, हे त्या दिवशी मी घेतलं होतं. तुमचं आहे."

त्यांनी हात पदराला पुसले, तुकडा दोन्ही हातांत घेतला. कपाळाला लावायला वर नेला आणि मध्येच थांबल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नीट बघून सांगा, पावणं. ह्यात तर काय निघायचं न्हाई ना?"