चिठ्ठीवरचं ‘स्टॅट’
स्पिरिटचा वास आला की अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. धानाची रोवणी करताना बांधीत, म्हणजे भातखाचरात, आईला साप चावला होता, तिच्या पायांवरचा चिखलही ओलाच होता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधापुढे एकच शब्द खरडला. तो वाचताच नर्सबाई हातातला चहा ठेवून धावल्या. झाडफुकीवर भरवसा असलेले बाबा थक्क झाले. “कोणता मंतर लिवला जी?” सलाईन लावता लावता त्या म्हणाल्या, “मंतर नोहे भाऊ, लॅटिन शब्द हाये, स्टॅट. लिवला का सारं सोडून आत्ताच औषध द्याचं.” त्या इवल्याशा शब्दाकडे मी बघतच राहिले. आई अजून रोवणीला जाते. आता मीही नर्स आहे, आणि तो शब्द दिसला की माझाही चहा तसाच राहतो.