वेंगुर्ल्याला आमची टरकली

बियाणं उगवतंय की नाही, हे कळायला आमच्या नवीन जालन्यातल्या लॅबमध्ये सात-आठ दिवस थांबावं लागतं. तोवर करायचं काय? किस्से! वेंगुर्ल्याच्या ऑफिस ट्रिपनंतर तर ते संपतच नाहीत. आता हसतो सगळे, पण खरं सांगतो, तिथं माझी पार टरकली होती.

*

आमचे ड्रायव्हर बोराडेमामा परतूरचे. त्यांचा मेहुणा विहिरीत बुडून गेलेला. तेव्हापासून मामींनी त्यांना शपथ घातलेली, खोल पाण्याजवळ जायचं नाही. म्हणून मामांनी घरी सांगितलं, "मंठ्याला बियाण्याचा प्लॉट बघायला चाललो. चार दिवस."

"मामा, कळलं तर?"

"मंग मी समुद्रातच बरा!"

*

पहिल्या संध्याकाळी वाळूत बसलो होतो. भरती लागली, पाणी पायांपर्यंत आलं. मामा ताडकन उठले.

"वरून पाणी सोडलं का हो? सांगून तरी सोडायचं!"

आमच्याकडे धरणातून सोडल्याशिवाय पाणी जागचं हलत नाही.

*

डच लोकांची जुनी वखार पाहिली. पडक्या भिंती, आत अंधार. लॅबच्या प्रमुख कुलकर्णी मॅडमनी भिंतीला हात लावला. "एवढ्या ओलीत माल ठेवायचे? उगवण शून्य!"

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी फडफडलं. सगळ्यात आधी बाहेर कोण पळालं, ते विचारू नका.

*

होडीत चढताना लाइफ जॅकेट मिळालं. मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं. आमच्याकडे बी मिठाच्या पाण्यात टाकतात. बुडतं ते भरलेलं, तरंगतं ते पोचट, फेकून द्यायचं.

"मॅडम, हे पाणी खारंच हे. तरंगलो तर पोचट, बुडालो तर गेलो. मी न्हाई येत!"

मीही गुपचूप उतरलो.

*

मॅडम होडीतून फिरून येईपर्यंत मी आणि मामा किनाऱ्याजवळच्या एका खडकावर बसलो. चढलो तेव्हा भोवती वाळू होती. गप्पांत लक्ष राहिलं नाही. उठून बघतो, तर चारी बाजूंनी पाणी!

किनारा पन्नास पावलांवर, आणि दोघांनाही पोहता येत नाही. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. जेट्टीवरून कोळी ओरडत होते, पण लाटांत काही ऐकू येईना.

आणि मामांचा फोन वाजला. मामी! एका हातानं खडक धरून मामांनी स्पीकर लावला.

"कुठं हायत तुम्ही?"

"मंठ्याला. प्लॉटला पाणी देऊन राह्यलेत, त्याचा आवाज हे."

तेवढ्यात एक मोठी लाट खडकावर आदळली, थेट फोनजवळ.

मग मामी म्हणाल्या, "चपला काढून हातात घ्या. लाट मागं गेली की मंगच पाय उचला. अन् जल्दी करू नका!"