वरच्या पुलाचं पाणी

काल नवी चादर भिजत घातली आणि बादलीतून आलेल्या रंगाच्या वासानं माझं डोकंच फिरलं.

वीस वर्षांपूर्वी मला सोलापुरात पावसाळ्यापुरती नोकरी होती. एका बागेतून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी तपासायचं. एके दिवशी बाटलीत आलेलं पाणी चक्क जांभळं होतं, त्याला हाच वास होता. साहेबांनी ती बाटली माझ्यासमोर ओतून टाकली.

"वरच्या पुलापासनं भरून आण की. तितं स्वच्छ हाय."

नोकरी जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मी मुकाट्यानं वरून पाणी आणलं. अहवालात ओढा चांगला ठरला.

काठावर शेळ्या चारणाऱ्या नूरखालांनी पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनाही मी "चांगलं आहे" म्हणून सांगितलं. आठवड्याभरात त्यांच्या तीन शेळ्या तडफडून मेल्या.

"तुमीच बोले ना बाई, पानी अच्छा है करके?" त्या म्हणाल्या. आवाजही चढवला नाही.

साहेबांचा राग मला तेव्हाही आला होता, आजही येतो. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पुन्हा बोलावलं आणि मी गेले. आज जास्त संताप येतो तो माझ्या त्या जाण्याचा.